जावयाची कोंबडी

कसामा,
९ जानेवारी १९८६

ती. न्कांडूताईस,
म्वांगोचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फक्त पाऊस थांबत नाही आणि आईला झोप नाही. येत्या एकोणिसाव्याला, रविवारी, माझ्या सांपाला लग्नाआधीचं आपल्याकडचं पहिलं जेवण आहे. मामाने मध्यस्थाकरवी निरोप धाडलाय, त्यामुळे आता पुढेमागे होणे नाही. तू लिव्हिंगस्टनला शाळेत पोरांना झोडपत बसणार आणि इथली धावपळ माझ्या माथी, हे बरं जमवलंस.

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच. कोंबडी सासूने स्वतः निखाऱ्यांवर भाजायची, अख्खी, साधा पंखही न तोडता. ताट पुढे जाईपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, आणि जेवण होईस्तोवर सासू-जावयाने एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. परवा सांपाची सायकल फाटकाशी वाजली, तर आई मक्यात अशी घुसली की गुडघा फुटला. मला हसू आवरेना. तर म्हणाली, हस, मावशीच्या जावयाने आधीच तोंड पाहिलं होतं, तिच्या नातवाचं काय झालं ते आठव आणि मग हस. मग माझं हसू पळालं. ते बाळ वर्षाचंही झालं नव्हतं.

पावसाने उघडीप दिली नाही, तर शेगडी आत घेऊन मामाने बांधलेल्या नव्या पत्र्याच्या स्वयंपाकघरातच भाजीन, असं आई म्हणते. जुन्या गवती छपराखाली धूर तरी निघून जायचा. असो. तुझा लोभ आहेच, त्याला पावसाची ओल लागू देऊ नकोस.

तुझी,
म्वांगो

*

लिव्हिंगस्टन,
१६ जानेवारी १९८६

चि. म्वांगोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच मिळालं. शाळा सोडून धावत टपालकचेरीत आले आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस. आईला शेगडी आत घेऊ देऊ नकोस. घ्यावीच लागली तर दार-खिडकी सताड उघडी ठेवायची, मग पाऊस आत येवो नाहीतर जावई. गेल्या महिन्यात आमच्या आळीतलं एक जोडपं पावसात भिजून थंडी वाजते म्हणून निखारे उशाशी घेऊन झोपलं, ते उठलंच नाही. ना धूर, ना वास. माणूस नुसता जड होत जातो आणि आपल्याला झोप येतेय असं त्याला वाटतं.

आई माझं ऐकणार नाही, मास्तरीण झाली म्हणून शहाणी झाली का म्हणेल. तू ऐक. तू तिच्यापाशी बस. कोंबडीला हात लावायचा नाही ना, मग लावू नकोस, दाराला लाव. हे पत्र रविवारच्या आत पोचावं एवढंच मागते आहे. मला फार भीती वाटते आहे.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

*

कसामा,
२२ जानेवारी १९८६

ती. ताईस सा. न.

आई जिवंत आहे, हे आधी लिहिते. तारेत धड काही सांगता आलं नाही.

तुझं पत्र काल, मंगळवारी आलं. रविवारी सकाळपासून धो धो पाऊस. आईने शेगडी आत घेतली, कोंबडीला मीठ, लिंबू आणि मिरची चोळली, सळईत ओवली आणि मला बाहेर काढलं. मी मुसोंडाकाकूंकडे मोठं ताट आणायला गेले आणि पावसामुळे तिथेच अडकले. सांपाने दुपारी आपल्या थोरल्यांबरोबर यायचं, पण ओढा चढायला लागला म्हणून तो एकटाच आधी निघून आला. रीतीप्रमाणे लांब उभा राहून खाकरला, टाळ्या वाजवल्या. उत्तर नाही. तो तसाच बराच वेळ पावसात थांबला, मग त्याला कोंबडीची कातडी करपल्याचा वास आला. तो म्हणतो, या दिवशी ही कोंबडी करपू देईल अशी सासू जगात नाही, म्हणून मी घाबरलो. दार ठोठावलं, हाका मारल्या. शेवटी लाथा घालून कडी उखडली.

मी ताट घेऊन आले, तर भर पावसात आई त्याच्या हातांवर लोंबत होती, डोक्याचं फडकं सुटलेलं, तोंड उघडं. आणि ताई, मी काय ओरडले असेन? तोंड बघू नकोस, खाली ठेव तिला, असं ओरडले! आई मेलीय की जगलीय हे मनात आलंच नाही. मला स्वतःचीच भीती वाटते आता.

इस्पितळात नळीने हवा दिली, तेव्हा संध्याकाळी तिने डोळे उघडले. शुद्धीवर आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवत नाही, बोलत नाही. सांपा बाहेर आंब्याखाली बसून असतो. थोरले त्याला दंड लावायचा म्हणतात, तर तो म्हणतो, लावा. माझं लग्न होणार की मोडणार, कुणी सांगत नाही. तू ये, नाहीतर निदान तिला लिही.

तुझ्या आधाराची वाट पाहणारी,
म्वांगो

*

कसामा,
२ फेब्रुवारी १९८६

चि. न्कांडूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर लावताना तुला त्रास होईल. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

मी घरी आले. मामाने निकाल दिला. लग्न होणार, सांपाने एक बकरी द्यायची आणि झालं गेलं विसरायचं. काल मी अंगणात नव्याने कोंबडी भाजली. सगळ्यांदेखत, तोंड न झाकता, माझ्या हाताने त्याच्यापुढे ठेवली. त्याने मक्याच्या पिठाच्या उब्वालीचा घास मोडला आणि आधी मला विचारलं, आई, डोकं दुखतं का अजून? पोरगा चांगला आहे. म्वांगो सुखात राहील.

तो सगळ्यांना सांगतो, बिचारीला कडी काढायचीही ताकद उरली नव्हती. म्वांगोही तेच सांगते. मी मान हलवते.

कडी मीच घातली, तो खाकरला तेव्हा. खिडकीही तेव्हाच लावली. मग डोकं ठणकायला लागलं, पाय गेले, पण मी दाराला टेकून बसले होते आणि हात कडीपर्यंत पोचत होता. त्याने आई म्हणून हाक मारली, ती मी ऐकली. आपण मरतो आहोत हेही कळत होतं आणि फार भीती वाटत होती. कडीवर बोटं ठेवली. मग वाटलं, हा माझं तोंड बघेल. आणि मी हात मागे घेतला.

ताकद होती, न्कांडू.

तुझी माझ्यावर जी माया आहे, ती हे वाचूनही तशीच राहू दे.

तुझी,
आई