नवाचे सहा दिवस

अलेक्झांड्रिया, थोथ महिन्याचा सातवा दिवस

निकागोरासकडून रोड्सनिवासी मेव्हणे फिलोंदास तांडेल यांस. आम्ही उभयता धडधाकट. आपणही तसेच असावे.

प्रथम तक्रार. आपण बहिणीसाठी धाडलेल्या खारवलेल्या माशांच्या बरणीचे बूच ढिले होते, आणि गड्याने ती नेमकी माझ्या मेजावरच्या नकाशावर ठेवली. परिणामी लिबियाचा संपूर्ण पश्चिम किनारा विरघळला. पूर्वी पृथ्वीचा एखादा खंड बुडवायला देवाचा कोप लागे; हल्ली बांगडे पुरतात. असो. बांगडे चविष्ट होते.

आमच्या लीकोनकडून अजून पत्र नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

इकडे पृथ्वीवर्णनाच्या ग्रंथाचे काम यथास्थित रखडले आहे. माझ्या एका सहकाऱ्याला दक्षिणेच्या टोकाशी श्वानमुखी माणसे हवीच आहेत. पुरावा काय, तर जागा रिकामी बरी दिसत नाही. दुसरा कोणत्याही बंदरापर्यंत आयुष्यात गेला नाही, पण वाऱ्यांविषयी तावातावाने बोलतो. अशा विद्वानांत मी वीस वर्षे काढली आहेत, आणि त्यांच्याचसमोर तुमची थट्टा केली, हे आता मनातून जात नाही.

तीन वर्षे झाली त्या जेवणाला. बेरेनिके बंदराच्या दक्षिणेचा तो बिनपाण्याचा किनारा तुम्ही नऊ दिवसांचा सांगितलात आणि मी सहा लिहिले. तुम्ही ताडकन उठलात. "नऊ दिवस घसा मी सुकवला, आणि हा घरात बसून त्यातले तीन खातो." त्यावर मी म्हणालो, की खलाशाच्या अंतरातून तृतीयांश वगळणे हा आमचा नियमच आहे, उरते ते समुद्राचे, वगळतो ते मद्याचे. सगळे हसले. तुम्ही चपला शोधू लागलात.

नियम वाईट नाही, मेव्हणे. जहाज किनाऱ्याच्या वाकणावाकणाने जाते, नकाशाला सरळ अंतर हवे असते. शिवाय खलाशी बढाया मारतातच. तुम्हीही काही कमी मारलेल्या नाहीत.

तर लीकोन. हत्ती पकडणाऱ्यांच्या छावणीला धान्य पोचवायला तुमचा भाचा त्याच किनाऱ्याने निघाला आहे, प्रथमच स्वतः तांडेल होऊन. जहाजमालकाला पाण्याचे रांजण कमी करून धान्य जास्त भरायचे होते. लीकोन मुद्दाम मला विचारायला आला.

"बाबा, मामा नऊ म्हणायचा. तुमच्या ग्रंथात सहा आहेत. कुठलं धरू?"

मी मान वर न करता म्हणालो, "लिहिलेलं धर."

त्याला पन्नास दिवस झाले. त्याच्या मागाहून निघालेले एक जहाज छावणीला जाऊन परतलेसुद्धा. लीकोनचे जहाज त्यांना ना छावणीत दिसले, ना वाटेत. सहकारी म्हणतात, वारा पडला असेल. कुठला वारा, हे त्यांना सांगता येत नाही. तुमची बहीण मिर्तो चार दिवस माझ्याशी बोलली नाही. काल एवढेच म्हणाली, "दादाला विचारा. नाक कापलं गेलं तर जाऊ द्या, पण विचारा."

म्हणून रात्री नव्हे, भर दुपारी, सहकाऱ्यांदेखत दोरा घेऊन बसलो. तुम्ही सांगितलेली प्रत्येक खाडी, प्रत्येक भूशिर नकाशावर दोऱ्याने वळून घेतले; दोरा सहा दिवसांच्या बराच पुढे गेला. नकाशापुरते सहा बरोबरच आहेत. पण तहान काही सरळ रेषेत लागत नाही, हे आम्हा चौघा पंडितांपैकी एकालाही सुचले नव्हते.

आता तुम्ही खरे सांगा. ते नऊ दिवस पुरते नऊ होते का? की त्या संध्याकाळी एखाददुसरा वाढवून सांगितलात? वाढवला असेल तर तसे निःसंकोच लिहा. तुम्ही खोटे बोललात एवढे कळवा, मी जन्मभर तुम्हांला सत्यवचनी म्हणेन, त्याच पंडितांसमोर.

लीकोनने पाणी सहाच दिवसांचे घेतले आहे. मी सांगितले म्हणून घेतले. ते पुरले नसेल, अशी मला भीती वाटते.

तुमच्या बहिणीचा नवरा,
निकागोरास