आईंच्या नथीचे मोती

३ फेब्रुवारी
फोनवर मराठी ऐकलं की सासूबाईंचा आवाजच बदलतो. नोएडात दिवसभर हिंदी बोलून जीभ थकते म्हणतात. आज कुणा जयदीपचा फोन. “काकू, संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या कार्यक्रमात तुम्ही मला तिळगूळ दिला होता, दुकानाचं कार्डही!” बहिणीचं लग्न आहे, खऱ्या मोत्यांची नथ हवी. आई अर्धा तास बोलत होत्या. दुकान म्हणजे तरी काय — घराची पुढची खोली. ऑर्डरी मी बघते, नथी आई ओवतात.

८ फेब्रुवारी
करोलबागेतून मोती आणले. आईंना पसंत नाहीत. “हे नवरीच्या नाकात? छे.” उठल्या आणि स्वतःचीच नथ घेऊन आल्या — बाबा गेल्यापासून डबीत पडलेली. तार सोडवायला लागल्या तसा मी हात धरला. “अगं, डबीत पिवळे पडण्यापेक्षा एखाद्या पोरीला शोभू देत.” मला रडू आलं. त्यांना नाही.

१३ फेब्रुवारी
जयदीपने लिंकवर कार्डाने पैसे भरले. नियम माझाच — फोनवर कार्डाने पैसे भरले तर दागिना ज्याचं कार्ड त्याच्याच हातात, ओळखपत्र बघून. मी भाजीला गेले होते. तेवढ्यात त्याने पाठवलेला कॅबवाला आला आणि आईंनी नथ देऊन टाकली. वर कुंकवाची पुडी आणि खण!
“लग्नघर आहे, कुठे सवड असते? आणि आपल्या माणसाकडे काय ओळखपत्र मागायचं!”
मी खूप बोलले त्यांना.

५ मार्च
कार्ड चोरीचं होतं. लखनौच्या कुणा बाईंचं. त्यांनी तक्रार केली, बँकेने आमच्या खात्यातून पैसे परत खेचले. पुन्हा असं झालं तर कार्डाची सोय बंद म्हणे. मग दुकान कसं चालणार? जयदीपचा नंबर लागत नाही. सायबर पोलिसांत तक्रार दिली. “मॅडम, बिना आईडी के सोना दे दिया?” — काय सांगणार, मराठी बोलत होता म्हणून?

६ मार्च
आई जेवल्या नाहीत.

१९ मार्च
फोन वाजला की आई हात पदराला पुसतात आणि आत जातात. ओवणंही सोडलंय. काल म्हणाल्या, “माझ्यामुळे तुझं दुकान बुडणार.” नाही हो आई, म्हटलं. पण त्या दिवशी बोलले ते काही परत घेता येत नाही. चीड आली की माझ्या तोंडाला आवर नसतो.

२२ एप्रिल
दुपारी एक मुलगी आली. अबोली. नवं लग्न. डबीवरचा पत्ता बघत बघत शोधत आलेली. “आंटी, मोती लूज झालाय. भैयाने दिली होती शादीत.” दिल्लीत वाढलेलं मराठी. डबी उघडली — आईंचेच मोती. मला आईंकडे बघवेना.
मुलगी आपली भैयाचं कौतुक सांगतेय. आईवडील नाहीत, भैयानेच वाढवलं, भैयानेच लग्न लावून दिलं. आई खाली बसल्या. इतक्या दिवसांनी चिमटा हातात घेतला. तार पिळून घट्ट केली, नथ स्वतः तिच्या नाकात घातली, गाल कुरवाळला. पैसे घेतले नाहीत.
ती गेल्यावर म्हणाल्या, “मोती जागेवर आहेत, संपदा. पोरीला काहीच ठाऊक नाही. पोलिसांना कळवू नकोस.”
मोबाईल माझ्या हातातच होता. बरं, म्हटलं.
रात्री आई पोटभर जेवल्या.

२४ एप्रिल
लक्ष्मीबाई नगरच्या कुसुमावतींचा फोन. त्या घरून चांदीचे दागिने विकतात. रडत होत्या. परवाच त्यांच्याकडून कुणी पैंजण नेले, कार्ड चोरीचं निघालं. मी विचारलं, काय बोलला तो?
“अगं, म्हणाला, काकू, संक्रांतीला तुम्ही मला तिळगूळ दिला होता.”
आई आत नवी नथ ओवत बसल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नाही.

२७ एप्रिल
मी पोलिसांना कळवलं, दुरुस्तीच्या वहीतला अबोलीचा नंबरही दिला. काल अबोलीला ठाण्यात बोलावलं, नथ पुरावा म्हणून जमा झाली.
आईंनी एवढंच विचारलं, “तिच्या नाकातून काढून घेतली का गं?”