एलादिओच्या वरचा कप्पा

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

या आठवड्यात घरात आलेलं: लिहायचा जाड कागद, तीन युरो. पाण्यात न भिजणाऱ्या लेबलांचं एक रीळ, एकोणीस युरो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, चाळीस युरो. दाखला महाग पडला, पण त्यावाचून पुढचं कुणी मानणार नाही.

मी, बेनिग्ना औतेराल, कै. एलादिओ सेन्योरान्स यांची विधवा, वय ७८, मॅट्रिक, राहणार पोर्तेलो, आरोसा खाडी, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. लिहिण्याची घाई एवढ्यासाठी, की मेल्यावर मला कुठे ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही. ते शेवटच्या कलमात येईल.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी उशिया, मुक्काम बाझेल, हिला. शिलकीतून दरवर्षी माझ्यासाठी एक मिस्सा व्हावी, साधी, ऑर्गनशिवाय. ऑर्गनवाला वेगळे पैसे घेतो.

दोन. माझं भिंग शेजारच्या बल्बिनाबाईंना. त्या डब्यातले शिंपले आणतात. डब्यावर पुढे आमच्या खाडीचं चित्र, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात चिली. मी दाखवलं की म्हणतात, "स्वस्त आहे गं. पोटात गेल्यावर कोण वाचतंय?" भिंग घ्यावं आणि एकदा तरी वाचावं. माझा चांगला काळा झगाही त्यांनाच. मला दुसरा घालावा, त्याची बाही रफू केलेली आहे, पण हात जुळवले की दिसत नाही.

तीन. खाडीतला शिंपल्यांचा तराफा, त्याचा परवाना, त्याखाली सोडलेले शिंपले धरायचे दोर आणि दाटी झाली की ते विरळायच्या सुऱ्या. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

उशियाला विचारलं होतं. फोनवर म्हणाली, "आई, समुद्राचा वास आला की मला अजून ओकारी येते. विकून टाक." विकत घ्यायला एक कंपनी तयार आहे. त्यांचा माणूस बूट न काढता स्वयंपाकघरात आला आणि सांगू लागला, की गिऱ्हाइकाला नारिंगी मांसाचा शिंपला हवा, फिकट नको, शिजायला दोन मिनिटं आणि वर गावाचं नाव. मी विचारलं, "नाव कुठल्या मालावर लावणार?" तो हसला. त्याला कॉफी दिली आणि वाटेला लावलं.

तराफा मी माझे दीर सातुर्नीनो सेन्योरान्स यांना देत आहे.

वाचून गावाला नवल वाटेल. ज्या वर्षी लाल पाणी नाताळ उलटला तरी हटलं नाही, त्या वर्षी भावजींचा तराफा विक्रीला बंद केलेल्या भागात होता आणि आमचा खुल्या. तेव्हा शिंपले विष पिऊन बसतात, त्यांना काही होत नाही, होतं ते खाणाऱ्याला. माल कुठल्या तराफ्याचा हे सांगणाऱ्या लेबलाशिवाय पिशवी विकता येत नाही, आणि आमच्या तराफ्याची लेबलं माझ्या कपाटात असत. भावजी संध्याकाळी आले, ह्यांच्या शेजारी बसले.

"वहिनी, थोडी लेबलं द्या. चाळीस पिशव्यांपुरती."

"त्या पिशव्यांत माल कुणाचा?"

"माझाच. मीच सकाळी चाखलाय, मधासारखा गोड आहे."

"विषाला चव नसते, भावजी."

"माद्रिदवाल्याला शिंपल्यातलं काही कळत नाही, त्याला लेबलावरचे तराफ्याचे आकडे काय कळणार?"

हे म्हणाले, "दे गं. भाऊ आहे माझा."

मी कपाटाची किल्ली ब्लाउजात टाकली आणि ताटं वाढायला घेतली. भावजी न जेवता उठले. दारात म्हणाले, "या घरचं पाणी आता मला नको." वसंतात बँकेने कर्जापोटी त्यांचा तराफा नेला. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या होडीवर रोजंदारी केली. ह्यांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त रविवारी भावाकडे एकटे जेवायला जाऊ लागले, आणि मी एकटीचं शिजवू लागले. एकटीचं शिजवायला मला अजून जमत नाही, उरतंच. ह्यांच्या अंत्यविधीला सगळे सेन्योरान्स कबरीच्या त्या बाजूला उभे होते. या बाजूला मी आणि फादर.

भावजी, लेबलं दिली नाहीत याचं मला वाईट वाटत नाही. आजही देणार नाही. पण तराफा गेला तो तुमचा, आणि दोर कधी विरळायचा हे या गावात तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. अट घालत नाही, अट घातली तर तुम्ही घेणार नाही. नवं रीळ कपाटात आहे, किल्ली कपाटालाच लावून ठेवली आहे.

चार. माझा देह. सेन्योरान्स घराण्याच्या थडग्यात ह्यांच्या वरचा कप्पा रिकामा आहे. थडग्याचा कागद भावजींच्या नावे, त्यांच्या सहीशिवाय दगड उघडत नाहीत. मला तिथे ठेवावं, ही माझी इच्छा. हक्क नाही, हे मी जाणते. तराफ्याचा याच्याशी संबंध नाही. कप्पा मिळो न मिळो, कलम तीन तसंच राहील.

साक्षीदार: फादर सेल्सो मोरान्या. बल्बिना तोउरिन्यो (चष्मा नसल्याने मजकूर फादरनी वाचून दाखवला).

सही: बेनिग्ना औतेराल
पोर्तेलो, १४ ऑक्टोबर २०१९

याची एक प्रत रजिस्टर पोस्टाने सातुर्नीनो सेन्योरान्स यांना. तुमचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, भावजी, तरी मी येऊन ठोठावणार नाही, तुम्हाला उघडावं लागेल म्हणून. कप्प्याचं हो की नाही, एवढंच लिहा. नाही असेल तर फादरना मातीतली जागा नाताळाआधी सांगायची आहे. आत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. कृपया उलट टपाली कळवावे.