दुसरी फेरी

विमलाताई,

सकाळपासून हे चौथं पत्र. दोन ओळी लिहितो, उठतो, मरोळच्या चर्चपर्यंत चालून येतो, परत बसतो. रविवारी घाटकोपरच्या चौकाला तुमच्या भावाचं, हर्षदचं नाव देणार. फोनवर तुम्ही म्हणालात, "ग्रेगरीभाऊ, त्याला आणायला तुम्ही गोळीबारात हेलिकॉप्टर नेलंत. तुम्हीच बोला."

नेलं होतं, ताई. पण ती दुसरी फेरी. पहिल्या फेरीत कारगिलच्या त्या उंचीवर तीन जखमी घेतले, तर हेलिकॉप्टर उठेना. एकाला उतरवणं भाग होतं. मी हर्षदकडे बोट केलं, कारण त्याला फक्त पायाला लागलं होतं. तो म्हणाला, "बरं साहेब, पण परत या." लंगडत उतरला आणि दार त्यानेच लावलं.

वरिष्ठ नको म्हणत असताना मी चाळीस मिनिटांत परतलो. तोवर तिथे तोफगोळा पडला होता. पदक मला त्या फेरीचं मिळालं. तुम्हाला मात्र सांगितलं, की मी त्याला जिवंत पाहिलंच नाही.

हे पत्र टाकणार नाही. लिहून सुटायचं नाही मला. रविवारी कार्यक्रमाआधी घरी येतो, समोर बसून सांगतो. मग मी बोलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या हर्षदला उतरवणारा,
ग्रेगरी