धुऱ्यावरचे दगड

प्रिय बाबा,

उद्या सकाळी आपल्या तेल्हाऱ्याच्या शेतात धुऱ्यावर, सगळ्या बांधभर, तणनाशक मारायचं ठरलंय. होकार मीच दिला होता. पण आज वावरात गेले आणि तुम्हाला एक विचारल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र.

तुमच्यामागं आपलं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर करणारा गजानन म्हणाला, "ताई, फवारतो मी, पन हे दगडं काढू काय? बाबांनी मांडले होते, लॉकडाऊनच्या साली."

"कायले?"

"टिटवीनं अंडे घातले होते न इथं. बैलाच्या डवऱ्याखाली येऊ नाई म्हनून. धुऱ्यालगतच्या कपाशीच्या दोन ओळी डवरल्याविनाच सोडल्या होत्या त्याईनं."

टीचभर धुरा कोरला म्हणून शेजारच्या काकांशी वर्षभर अबोला धरणारे तुम्ही! एका पाखरासाठी दोन ओळी?

त्या वर्षी अमरावतीहून, राजापेठेतल्या घरून मी रोज फोन करायचे. विचारायचे काय, तर वाफ घेतली का, मास्क लावता का. धुऱ्यावर रान माजलंय असं आई म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "औषध मारा बाबा, लोक हसतात." तुम्ही नुसतं "पाहू" म्हणालात. संध्याकाळी त्याच फोनवरून मी सातवीच्या मुलांना अन्नसाखळी शिकवत होते. आता लाज वाटते.

काय पाहत होतात, बाबा? माणसं कोंडली म्हणून पाखरं आली होती, की ती होतीच आणि तुम्हाला बसून बघायला पहिल्यांदा सवड मिळाली? पिल्लं निघाली का? गजाननला माहीत नाही, आईलाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच साथीनं तुम्हाला नेलं. मला सांगायला काय झालं होतं? की मी ऐकून घेतलं नसतं?

साथ सरली आणि सगळं पूर्वीपेक्षा जोरात सुरू झालं. आजूबाजूचे धुरे फवारून पिवळे पडलेत, आपला तेवढा हिरवा. त्यात साप निघतात अशी काकांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. निंदायला-खुरपायला येणाऱ्या बायांची मलाही काळजी वाटते.

तरी फवारणी नाही. बायांच्या वाटेपुरतं गवत विळ्यानं कापू, बाकीचं राहील. दगडही राहतील. काकांशी मी बोलेन. त्यांनी अबोला धरला तर धरू देत, आपल्या घराला सवय आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इथंच राहणार आहे. टिटवी आली, तर पिल्लं निघाली की नाही ते बघूनच अमरावतीला परतेन. जवळ गेलं की ती ओरडते म्हणे. ओरडू दे. तुम्ही कधीच ओरडला नाहीत.

तुमची लेक,
वैशाली