ओबद्याचं लाल पुस्तक आणि माझा दादा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं.

१. खालचं दुकान, दाबयंत्र, कटर आणि दाभणं माझ्या भाचीला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, ते इथे वाचावं.

२. शेजारच्या घड्याळजींनी नेलेली शिडी परत मागू नये. नेली होती, एवढं मात्र त्यांना सांगावं.

३. वरच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या भावाला, हयातभर राहायला. त्याच्यानंतर भाचीला, म्हणजे त्याच्याच मुलीला. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, म्हणून कारण देते.

तीस वर्षांपूर्वी दुकानाला आग लागली. मी एकटी गठ्ठे बाहेर ओढत होते, डावा हात भाजला. दादा रस्त्यापलीकडे हात मागे बांधून उभा होता. आला नाही. पुढे एकोणीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही.

मग एका प्रार्थनामंदिराचं जीर्ण बायबल बांधायला आलं. त्यात ओबद्या संदेष्ट्याचं पुस्तक सापडलं, जेमतेम एक अध्याय. भावाचं घर लुटलं जात असताना दुसरा भाऊ बाजूला उभा राहून बघतो, त्याला देवाने सुनावलेले बोल. वाटलं, हे आमचंच. मी ते हाताने उतरवलं, लाल कापडात बांधलं आणि दादाला टपालाने धाडलं. जिव्हारी लागावं म्हणूनच.

नवव्या दिवशी तो ते घेऊन दारात आला.

"हे माझ्याबद्दल आहे ना?"

"दुसरं कोण उभं होतं?"

"उभा होतो. आग बघून भ्यालो. नंतर तुला तोंड दाखवायची लाज वाटली." मग म्हणाला, "आता काय करू?"

शेगडीवर पुठ्ठे चिकटवायची खळ शिजत होती. माझ्या तोंडून निघालं, "खळ ढवळ. गुठळ्या होतायत."

तेव्हापासून अकरा वर्षं तो रोज दुपारी येतो. खळीत अजून गुठळ्या असतात. पण माझ्या भाजलेल्या हाताला दोरा ओढवेनासा झाला, तेव्हापासून शिवण तोच ओढतो.

ओबद्यात त्या भावाचं घर शेवटी धसकटासारखं जळून जातं, कोणी उरत नाही. मीही एके काळी तेच मागत होते. आता त्याच्या डोक्यावर छप्पर असावं, एवढंच मागते. देवाला वाटलं तर रागवावं, मी समजावीन.

४. लाल पुस्तक दादाकडेच राहील. कोणी त्याला त्यावरून बोलू नये. तो हक्क माझा होता, आणि मी तो सोडला आहे.

लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून दादा बाहेर जिन्यात बसला आहे. सही झाली की आधी त्याला आत घ्या, पायरी गार आहे.

सही: बाइंडरबाई
साक्षीदार: १. समोरच्या डॉक्टरीणबाई २. कोपऱ्यावरचे शिंपी
ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळ