माइकच्या मागच्या बाजूला

प्रिय दादा,

तू पाठवलेला स्वेटर बाबांना अगदी अंगाबरोबर बसला. वहिनीला सांग, रंग झकास आहे. आता ते तो काढायलाच तयार नाहीत; आंघोळीच्या वेळी आमची रोज झटापट होते. बाकी खुशाली काय विचारशील? बाहेरच्या दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. मध्यंतरी मी दारात दूध घेत होते, तेवढ्यात बाबा निसटले आणि चौकातल्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले, "कामावर उशीर होतोय" म्हणत. तेव्हापासून आम्ही दोघंही आत. शेजारच्या काकू अधूनमधून येऊन बसतात, तेवढ्यात मी भाजी आणि औषधं आणते, धावतपळत, चोरी केल्यासारखी.

तर या कोंडवाड्यात मी एक उद्योग केला. माइक बनवला. हसू नकोस, खरंच बनवला. मला क्लॅरिनेटचं, म्हणजे तू जिच्यावरून मला पिपाणी म्हणतोस तिचं, रेकॉर्डिंग करायचं होतं. कशासाठी, ते सांगतेच. फोनवर केलं तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं ऐकू यायचं. रिबन माइकमध्ये फुंकून वाजवायची वाद्यं मऊ उतरतात, असं वाचलं होतं. आत काही फार नसतं रे. दोन चुंबकांच्या मधल्या फटीत अॅल्युमिनियमची एक पट्टी टांगायची, इतकी पातळ की आवाजानेसुद्धा थरथरली पाहिजे. ती थरथरली की नावापुरती वीज तयार होते, ती एका छोट्या ट्रान्सफॉर्मरने वाढवायची. सगळं सामान घरपोच मागवलं. पट्टी मात्र मीच कापली आणि दोन दातेरी चाकांमधून फिरवून तिला चुण्या पाडल्या.

पहिली पट्टी चिमट्याने खाल्ली. चुंबकाने तो लोखंडी चिमटा माझ्या हातातून असा खेचला की पट्टीच्या चिंध्या झाल्या. मग लाकडी काड्यांनी दुसरी बसवली. श्वास रोखून बघत होते, तर बाबा मागून आले, वाकले आणि मेणबत्ती विझवावी तशी त्यांनी पट्टीवर फुंकर मारली. गेली! दादा, मी ओरडले. इतकी ओरडले की काकू दार वाजवत आल्या. बाबा भिंतीला चिकटून उभे, म्हणाले, "मी काही नाही केलं हो, बाई." हल्ली मला ते बाईच म्हणतात. तुझा फोन आला की तुझं नाव मात्र बिनचूक घेतात. त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून बसले. बाहेर पडायला दुसरी जागा नाही ना.

तिसरी पट्टी टिकली. वारा लागू नये म्हणून चहाच्या गाळणीची जाळी कापून वर बसवली. आता चहा फडक्याने गाळते आणि बाबा रोज गाळणी शोधतात. एका दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते, तेव्हा खुर्चीवर पुस्तकं रचून वर माइक ठेवला आणि वाजवायला बसले. किती तरी महिन्यांनी सबंध एक रचना वाजवली. बोटं अडखळली, पण सूर लागला. वाजवताना मी कुठे आहे हेच विसरले.

मग ऐकायला बसले. आवाज कसा म्हणून सांगू, लाकडाचा वाटत होता, पोकळ आणि उबदार. आणि मागून कोणीतरी बोलत होतं. हा माइक दोन्हीकडून सारखाच ऐकतो, हे मला वाचून माहीत होतं. पण त्याची पाठ आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे आहे, हे लक्षातच आलं नव्हतं. बाबा झोपले नव्हते. कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. बहुतेक आईशी, ती गेली हेही ते विसरलेत; कारण असं "अगं" ते दुसऱ्या कोणालाच म्हणत नसत. "अगं, ही बाई किती छान वाजवते. केव्हापासून आपल्याकडेच आहे. हिला घरी कोणी नाही का? सोड तिला आता. जाऊ दे."

मी पुन्हा पुन्हा ऐकलं. पुन्हा वाजवून बघितलं, पण तसं जमेना. शेवटी तेच रेकॉर्डिंग, मागच्या आवाजासकट, पाठवून दिलं. गावोगावी फिरणाऱ्या एका वाद्यवृंदाला क्लॅरिनेट वाजवणारं माणूस हवं होतं. तिथल्या संचालिकाबाईंचं उत्तर परवा आलं: "मागे बोलणारे गृहस्थ कोण आहेत ते कळलं नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही या."

मी हो कळवलं आहे, दादा. पुढच्या महिन्यात तालमी सुरू होतात आणि मग वर्षभर दौरा. हे फोनवर सांगितलं असतं तर तू "बघू" म्हणाला असतास आणि मी नेहमीसारखं "बरं" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहिते आहे. तू इथे राहायला ये, नाहीतर बाबांना तुझ्याकडे ने. काय ते तू आणि वहिनी मिळून ठरवा. तू आला नाहीस तर त्यांना एकटं टाकून माझा पाय घराबाहेर पडणार नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही. आजवर तू त्याच भरवशावर निर्धास्त राहिलास. या वेळी राहू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
पिपाणी